नव्या घराचे रविवार

वैशाख शुद्ध तृतीया, अर्थात अक्षय तृतीया, हा आपल्या समाजात मोठा दिवस. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ तपानंतर श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरसाने पारणे केले, त्याचे स्मरण म्हणून वर्षीतपाची पारणी या दिवशी होतात. वास्तुप्रवेशासाठीही अनेक कुटुंबे हाच मुहूर्त धरतात. यंदा आमच्या चिरंजीवांनी व सूनबाईंनी याच दिवशी सावेडी उपनगरातील आपल्या पहिल्या घरात पाऊल ठेवले. तेथपासून आर्द्रा नक्षत्रापर्यंतचा काळ म्हणजे आमच्या नगरचा, आता अहिल्यानगरचा, उतरता उन्हाळा. दुपारी रस्ते ओस पडतात, परंतु संध्याकाळी पठारावरचा वारा सुटला की दिवसाचा शीण निघून जातो. या दिवसांतील रविवार त्या कुटुंबाने कसे घालवले, ते सांगण्यासारखे वाटते.

आमचे जुने घर बाजारात आहे. कापड बाजार, दाळमंडई, आडते बाजार या परिसरातील बहुतेक व्यापारी घरांप्रमाणे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. सावेडी तेथून फार तर चार-पाच किलोमीटर. तरीही एका चुलीच्या दोन चुली झाल्या, की ते अंतर किलोमीटरने मोजता येत नाही. सौभाग्यवतींनी तोंडाने काही म्हटले नाही. मात्र पहिले आठ दिवस त्या सवयीने पाच जणांचीच कणीक भिजवत राहिल्या. मुले वेगळी राहिली म्हणजे घर तुटले का, हा प्रश्न आज आपल्या अनेक कुटुंबांत मनातल्या मनात विचारला जातो. आमच्याकडेही तो होताच.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी घराकडे प्रथम कर्जाच्या बाजूने पाहतो. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखामागे सुमारे ८६८ रुपयांचा मासिक हप्ता पडतो. पहिल्या हप्त्यातील ७०८ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ती अवघी १६० रुपयांची. कागदोपत्री घर आपले होते, परंतु ते खऱ्या अर्थाने आपले होण्यास २४० महिने लागतात. चिरंजीवांनी तीन खोल्यांवर समाधान मानले आणि हप्ता मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवला. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ तरुण पिढीला असा व्यवहारातून कळला, तर त्याहून चांगले काय!

पहिले दोन रविवार घर लावण्यातच गेले. दारापुढे रांगोळी, गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण, गॅलरीत तुळस व मोगरा. वैशाखात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. त्यामुळे दुकानदारालाही चौविहार निवांतपणे पाळता येतो. आमरस-पुरीचे भोजन उजेडातच आटोपून सगळे गच्चीवर जात आणि वळवाचे ढग कोठे जमले आहेत, ते पाहत बसत.

तिसऱ्या रविवारी पहाटे सर्वजण पाथर्डी रस्त्याने निघाले. शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर शाह डोंगराच्या माथ्यावर तीन मजली अष्टकोनी वास्तू उभी आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर होय. उन्हे चढण्यापूर्वी तेथे पोहोचावे. वरून सारे शहर दिसते. आठ वर्षांच्या नातीने तेथून बोटाने दोन जागा दाखवल्या आणि म्हणाली, "दादाजी, ते आपलं घर, आणि तेही आपलंच घर." सौभाग्यवतींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तेथून पुढे पाथर्डी तालुक्यात चिचोंडी हे गाव लागते. आचार्यसम्राट श्री आनंदऋषिजी महाराजांचा जन्म १९०० साली येथे झाला. १९१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी मिरी येथे दीक्षा घेतली. पुढे श्रमण संघाचे आचार्यपद भूषवून २८ मार्च १९९२ रोजी नगरमध्येच त्यांनी देह ठेवला. ज्यांनी घराचा त्याग केला, त्यांच्या जन्मगावी नव्या घराच्या आनंदात जावे, यात विसंगती नाही. घर किती धरून ठेवावे, हे तेथेच कळते.

एक रविवार भुईकोट किल्ल्यासाठी होता. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात पंडित नेहरू येथे बंदिवासात होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनी येथेच, १९४४ मध्ये, अवघ्या पाच महिन्यांत लिहिला. दगडगोट्यांनी भरलेली येथील जमीन खणून त्यांनी बागही फुलवली. ही हकीकत ऐकून सूनबाई म्हणाल्या, "मग आपल्या गॅलरीतला मोगरा का नाही फुलणार?"

सर्वांत अधिक शिकवले ते मुळा धरणाने. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे हे धरण आहे. त्याची साठवणक्षमता २६ हजार दशलक्ष घनफूट. नगर शहराला पाणी येथूनच मिळते. विळदहून ते उपसून वसंत टेकडीवर आणले जाते आणि मग घरोघरी पोहोचते. उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय खूप मागे सरकतो आणि काठाची माती उघडी पडते. निजामशाहीतही दूरदूरच्या स्रोतांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणावे लागे. हे गाव पाण्याच्या बाबतीत पहिल्यापासून परावलंबी. पाणी गाळून व मोजून वापरण्याचा संस्कार आपल्या घरांत आहेच. ते येते कोठून हे डोळ्यांनी पाहिल्यावर नातीने स्वतःहून न्हाणीघरातील नळ बारीक सोडायला सुरुवात केली.

मृग लागला, पहिली सर आली. आर्द्रा लागल्यावर अनेक जैन घरांत आंबा वर्ज्य होतो. तोच नेम आमचा. त्याआधीच्या रविवारी शेवटचा आमरस जुन्या घरी झाला. सौभाग्यवतींनी पाच जणांची कणीक भिजवली, आणि त्या दिवशी ती बरोबर पुरली. एक रविवार सावेडीत आणि एक बाजारात, असे ठरले. चातुर्मासातही तो क्रम राहील. जवळच्या जवळच जायचे असल्याने दिशामर्यादेलाही बाध येत नाही.

घराघरांतील वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलांच्या नव्या घराकडे वाटणी म्हणून पाहू नये. त्यांना सोबत घेऊन आपलाच जिल्हा पुन्हा पाहावा. कर्जाची मुद्दल जशी दर महिन्याला थोडी थोडी फिटते, तसेच नवे घरही रविवारा-रविवाराने दोन्ही पिढ्यांचे होत जाते.