पहिलीच गोळी वर्मी लागावी

बुधवार पेठ, पुणे २
विसर्जनानंतरचा रविवार

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

मिरवणुकीचे ढोल थांबले, पेठ पुन्हा बोलण्याजोगी झाली, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. येत्या नोव्हेंबरात तू विस्कॉन्सिनच्या रानात हरणाच्या शिकारीला जाणार, हे कळल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. तुझी आई म्हणते, ‘वन्सं, तुम्हीच त्याला समजवा, तुमचं तो ऐकतो.’ आणि तू मला विचारतोस, ‘आत्या, बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्यायची ठरलंय, पण कोणती?’ दोघांनाही उत्तर देणं भाग आहे.

आधी तुझ्या आईचं. मी जन्मभर कागदावर नेम धरला. एन.सी.सी.त पॉइंट टू-टूने सुरुवात केली, पुढे पन्नास मीटर प्रोन. जनावरावर कधी बंदूक रोखली नाही आणि रोखणारही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, तरी परवान्यांची तरतूद उरली होती. १९९१ च्या दुरुस्तीत तीही गेली. हे झालं ते योग्यच झालं. जीपगाड्या आणि रात्रीचे प्रखर झोत आले, तशी नगर-सोलापूरकडची काळविटं बघता बघता विरळ झाली. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली करावं लागलं ते म्हणूनच. आपल्या माळरानावर आज जी हरणं दिसतात, ती बंदुका खाली ठेवल्यामुळे दिसतात.

तुझ्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी नीट वाचून घेतली आहे. तिथे पांढऱ्या शेपटीचं हरीण उदंड आहे. त्याला आवरणारे लांडगे आणि प्यूमा बऱ्याच मुलखातून माणसानेच संपवले, त्यामुळे संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम शिकाऱ्याकडे आलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तू मारलेलं खाणार आहेस, भिंतीवर शिंगं टांगायला जात नाहीस, हेही तू सांगितलंस. म्हणून मी तुला अडवणार नाही. पण माझी एक अट आहे, आणि रायफलीचा सगळा विचार त्या अटीतून निघतो: जनावर पहिल्या गोळीत पडलं पाहिजे. पोटात गोळी लागलेलं हरीण पळतं, झुडपात जाऊन बसतं आणि तासन्‌तास मरत राहतं. त्या यातनेचा भार बंदूक धरणाऱ्यावर असतो. तेव्हा रायफल तुझ्या हौसेसाठी निवडू नकोस, त्या हरणासाठी निवड.

बोल्ट-अ‍ॅक्शनचा तुझा निर्णय बरोबर आहे. आजोबांकडे गावी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर जी पॉइंट ३१५ रायफल होती, ती इशापूरच्या कारखान्याची, ली-एनफील्डच्या घडणीची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला आजोबा जायचे, ते तुला अंधुक आठवत असेल. तिचा बोल्ट उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलून खाली दाबला की नवं काडतूस आत. आज तू घेशील त्या रायफलीचं मूळ बहुधा जर्मन माऊझरच्या १८९८ च्या रचनेत सापडेल. तिच्यात बोल्टच्या तोंडाशीच असलेले दोन दणकट खुंट नळीच्या मागे घट्ट अडकतात. हलते भाग थोडे, थंडीत अडकण्याची शक्यता कमी, आणि बोल्ट काढून खिशात टाकला की बंदूक निर्जीव. शिवाय दुसरा बार काढायला हात चालवावा लागतो. त्यामुळे पहिल्याच बाराला मोल येतं, आणि नवशिक्याला ही शिस्त फार उपयोगी पडते.

आता काडतूस. दुकानात गेलास की तुला जास्त ताकदीची मॅग्नम काडतुसं दाखवतील. ऐकू नकोस. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती रिग्बीची पॉइंट २७५, म्हणजे सात मिलिमीटरची माऊझर. तिची गोळी १४० ग्रेनची, जेमतेम नऊ ग्रॅमची. ती हलकी रायफल त्याला अतिशय प्रिय होती आणि तिच्या साहाय्याने त्याने नरभक्षक मारले. हरणाला याहून जास्त काय लागणार? आज तीच ताकद ‘सेव्हन एमएम-झिरो एट रेमिंग्टन’ या काडतुसात मिळते: गोळी तेवढीच, वेगही जवळपास तोच, धक्का सोसण्याजोगा. माझी पसंती तिला. गावोगावच्या दुकानांत काडतुसं सहज मिळायला हवी असतील तर पॉइंट ३०८ घे. १९५२ पासूनचं खात्रीचं काडतूस आहे, फक्त धक्का थोडा अधिक. पॉइंट २४३ चा धक्का सर्वांत सौम्य, पण तिथे नेम चुकायला वाव कमी. मॅग्नमचा दणका एकदा खांद्याला बसला की शरीर पुढच्या वेळी आधीच दचकतं, डोळा मिटतो, बोट झटका देतं आणि गोळी वीतभर बाजूला जाते. वीतभर बाजूला म्हणजे फुप्फुसाऐवजी पोट. जास्त ताकदीने हरीण लवकर मरतं ही समजूत सोडून दे. वर्मी लागली तर मरतं.

त्यानंतरची गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे: दस्ता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळात दहाचं वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचं असतं, आणि गुडघ्यावर, पालथं पडून, उभं राहून असं तीनही स्थितींत तिथवर पोचायचं असतं. असे नेमबाज दस्त्याची लांबी, गालाखालचा आधार, खांद्याची पट्टी मिलिमीटरने जुळवून घेतात. रायफल अंगाला बसली नाही तर उरलेली सगळी मेहनत तिच्याशी झगडण्यात जाते. तिकडच्या तयार रायफलींचा दस्ता साधारण साडेतेरा इंचांचा असतो. तू आपल्या घराण्याच्या बेताच्या उंचीचा, त्यातून नोव्हेंबरातलं जाड जाकीट अंगावर. तुला बारा-साडेबारा इंच पुरे होतील. म्हणून दुकानात जाताना तेच जाकीट आणि हातमोजे घालून जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग डोळे उघड. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण आणि उजळ दिसलं, मान ताणावी लागली नाही, तर ती तुझी. रुगर अमेरिकनमध्ये आखूड दस्त्याची आवृत्ती मिळते आणि तिची किंमतही बेताची. फिनलंडच्या टिक्काचा बोल्ट फार मऊ चालतो. सॅव्हेजचा चाप घरच्या घरी हलका-जड करता येतो. या तिन्ही हाताळून बघ आणि नावावर न जाता अंगाला बसेल ती घे. चाप तीन पौंडांच्या आसपास, कुठेही न अडखळता सुटणारा असू दे. हातमोजा घातलेलं बोट चापाच्या कड्यात मोकळं जातं का, तेही पाहा.

दुर्बीण साधी पण चांगल्या काचेची घे. दोन ते सात किंवा तीन ते नऊ पटींची खूप झाली. तिथल्या दाट रानात हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं, आणि ते पहाटे किंवा संध्याकाळी, उजेड कमी असताना. जास्त पटींपेक्षा काचेतून येणारा उजेड तिथे कामाला येतो. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन इंच लांब बसव, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

वाचलेले पैसे काडतुसांवर घाल. शंभर यार्डांवर नेम जुळवून घे; दोनशेवर गोळी दहा-बारा सेंटिमीटर खाली येते, हे लक्षात ठेव. टेबलावर पिशव्या ठेवून मारणं फक्त नेम जुळवण्यापुरतं. खरा सराव बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून कर. हरणाच्या पुढच्या पायामागे हृदय-फुप्फुसाची जागा साधारण जेवणाच्या लहान ताटलीएवढी असते. तेवढ्या आकाराचा कागद लाव. ज्या अंतरावरून तुझ्या पाचही गोळ्या त्यात जातात, ते तुझं अंतर. हरीण त्यापलीकडे असेल तर चापावर बोट न्यायचं नाही, मग ते कितीही देखणं असो.

आता कायद्याचं, आणि इथे मला फार काळजी आहे. तुझं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. एच-वन व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हाती असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणून क्रम चुकवू नकोस. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते पुरं कर, मग परवाना काढ, आणि त्यानंतरच रायफलीकडे वळ. तोवर मित्राची बंदूकसुद्धा हातात घेऊ नकोस. वकिलाला एकदा विचारून घे. अनेक वर्षांची मेहनत एका दुपारच्या उत्साहापायी पणाला लावायची नाही. शिकारीच्या दिवशी भगवं किंवा गुलाबी झळाळतं जाकीट नियमाप्रमाणे घाल. हरीण पडलं तर त्याची सी.डब्ल्यू.डी. तपासणी करून घे. हा मेंदूचा रोग २००२ मध्ये तुझ्या मॅडिसनजवळच आढळला आणि अजून आहे. निकाल येईपर्यंत मांस शिजवू नकोस. शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरलीस तर उत्तम. शिशाचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात, आणि घरात लहान मूल आहे.

तुझ्या आईला मी हे पत्र वाचून दाखवलं. तिला शिकार पटलेली नाही, आणि ते तिच्या बाजूने बरोबरच आहे; तू तिला पटवायला जाऊ नकोस. पण निष्काळजीपणाने तू काही करणार नाहीस, एवढा भरवसा तिला हवा आहे. ऑक्टोबरअखेर त्या ताटलीएवढ्या कागदाचे फोटो मला पाठव: बसून पाच गोळ्या, गुडघ्यावर पाच, अंतर लिहून. पन्नास यार्डांवरही पाचही आत गेल्या नाहीत, तर यंदा मित्रांबरोबर रानात जा, थंडी सोस, पाऊलखुणा वाचायला शीक, पण रायफल घरी ठेव. हंगाम पुढच्या वर्षीही येतो.

सुनेला आणि बाळाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या