तृतीय वर्ष, समाजशास्त्र : रोजनिशीतील पाने

८ जुलै, सोमवार. जळगाव

पाचव्या सेमिस्टरचा पहिला पूर्ण तास आज झाला. पटावर नावं भरपूर, बाकांवर माणसं मोजकी. बी.ए. म्हणजे जिथे मार्कांनी दार बंद केलं नाही ती जागा, असं आमच्याकडे धरूनच चालतात. गावात कुणाला 'समाजशास्त्र' सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : 'मग एमपीएससी करणार का?' विषय स्वतःसाठी शिकण्यासारखा असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र तो आवडतो, आणि आज का आवडतो तेही नीट कळलं.

मॅडमनी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स घेतला. त्याचं पुस्तक १९५९चं. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर कारण त्याच्यात शोधावं. लाखो माणसं एकदम बेकार झाली तर व्यवस्थेकडे बघावं, असं तो म्हणतो. मॅडम म्हणाल्या, "आता खान्देशातलं उदाहरण द्या." मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पोरांना पोरी मिळत नाहीत." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाच प्रकल्पाचा विषय आहे. कोण घेतंय?"

मला माझा चुलतभाऊ, दादा, आठवला. वय एकोणतीस, पदवीधर, विहिरीला पाणी, घर स्लॅबचं. दर उन्हाळ्यात कांदेपोहे होतात आणि दर पावसाळ्यात घर गप्प होतं. काकू म्हणते पत्रिका, काका म्हणतात नशीब. मी हात वर केला.

२० जुलै, शनिवार. जळगाव

दिवसभर ग्रंथालयात जनगणनेचे तक्ते काढले. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे किती मुली, हा आकडा मला हवा होता. २०११ साली महाराष्ट्रात ८९४, जळगाव जिल्ह्यात ८४२. त्याआधी २००१ साली जळगावात ८८०. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे जनगणनेतला पुढचा आकडा मिळाला नाही.

२००१च्या तक्त्यातली मुलं आज तेवीस ते तिशीच्या घरात आहेत, म्हणजे ऐन लग्नाची. दादा त्याच हजारातला एक. त्याच्या पत्रिकेत जे शोधतात ते इथे सरकारी तक्त्यात छापलेलं आहे.

संध्याकाळी मॅडमना आकडे दाखवले. त्यांनी शेजारचा नंदुरबार बघायला सांगितला. आदिवासीबहुल, आपल्यापेक्षा गरीब जिल्हा, आणि तिथलं प्रमाण जळगावपेक्षा कितीतरी चांगलं! भिल्ल, पावरा समाजात मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य मिळतं. आमच्या शेतकरी जातींत मुलीच्या बापाने हुंडा मोजायचा. आमच्याकडे केळीचा पैसा आला, कापसाचा आला, तालुक्याला सोनोग्राफी आली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध राज्याचा कायदा १९८८चा, देशाचा १९९४चा. कायदे होते, तरी मुली कमी होत गेल्या. गरिबी आणि अडाणीपणा हे आमचं नेहमीचं उत्तर इथे चालत नाही. ज्यांच्याकडे वाटण्यासारखी जमीन होती आणि डॉक्टरला द्यायला पैसा होता, त्यांनी हे केलं.

३१ जुलै, बुधवार. धुळे

आज सकाळी एस.टी.ने धुळ्याला आले. एरंडोल, पारोळा, मग धुळे. तिथून लळिंग. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला राहिले. त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला इथे लोक जमतात. पावसाने डोंगर हिरवा झाला होता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, खांद्यावर पोरं, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल.

माझ्या पिशवीत बाबासाहेबांच्या एका निबंधाचा मराठी अनुवाद होता. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविशीत त्यांनी तो वाचला. विषय भारतातल्या जाती. आम्हाला अभ्यासक्रमात त्याचा सारांश आहे. मूळ मांडणी मी आज झाडाखाली बसून वाचली. ते म्हणतात, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याने. पण असं बंद वर्तुळ चालवायचं तर आत लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया सारख्या संख्येने हव्यात. नवरा मेला की एक बाई जास्तीची, बायको मेली की एक पुरुष जास्तीचा. जास्तीच्या बाईने वर्तुळ मोडू नये म्हणून सती आणि सक्तीचं वैधव्य. जास्तीच्या पुरुषासाठी वयात न आलेली मुलगी, म्हणजे बालविवाह. सती, वैधव्य, बालविवाह या तिन्ही चाली त्यांनी लग्नाच्या गणितातून उलगडून दाखवल्या.

वाचता वाचता मी थांबले. त्यांच्या मांडणीत मृत्यूने हिशेब बिघडतो. आमच्याकडे तो जन्माआधीच बिघडवलेला आहे. वर्तुळ बंदच ठेवलं आणि आतल्या मुली आम्हीच कमी केल्या. दादा हा बाबासाहेबांच्या भाषेतला जास्तीचा पुरुष. तो त्याच्या दोषाने जास्तीचा झालेला नाही.

दुपारी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच शहरात वारले. कागद शोधत ते गावोगाव फिरले, आणि 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहून त्यांनी लग्नासारख्या पवित्र मानलेल्या गोष्टीलाही इतिहास असतो हे मराठीत ठणकावून सांगितलं. लग्नाची रीत माणसांनी घडवली असेल तर माणसांना ती बदलताही येते. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी हे लिहिणार आहे.

१० ऑगस्ट, शनिवार. गावी, पारोळा तालुका

उद्या कानबाई, आमच्याकडचा देवीचा सण. पुण्या-सुरतेकडचे भाऊबंद गाड्या भरून आलेत. घराला रंग, ओट्यावर चपलांचा ढीग, चुलीवर पुरणाची डाळ.

दुपारी आजीने रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे गहू काढले. मी मुद्दाम वही घेऊन शेजारी बसले. सूप पुढ्यात, पोतं उजव्या हाताला. आजी एकेक नाव घेते आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकते. आजोबा वारले, त्यांचं नाव नाही. मग काका, अण्णा, दादा, माझा धाकटा भाऊ, सुरतेच्या चुलत्याचे दोघं, आणि शेवटी गेल्या पौषात जन्मलेला, अजून दात न आलेला तान्हा. त्याच्या नावाची सव्वा मूठ टाकताना आजीने सुपाला हात लावून नमस्कार केला. एवढ्याच माणसांचा रोट होणार, आणि तो भाऊबंदांतच खायचा.

मी विचारलं, "आजी, माझी मूठ?"

"पोरीस्नी मूठ नही ऱ्हास, माय," ती म्हणाली. सहज, मायेने. माझ्या केसांवरून हातही फिरवला.

तिची स्वतःची मूठ या घरात कधी पडली नाही. माहेरीही पडली नव्हती. साठेक वर्षं दुसऱ्यांच्या मुठी तीच मोजते आहे. देवी बाई, मांडणाऱ्या बाया, डोक्यावर घेऊन मिरवणार त्याही बाया. मोजले जातात ते पुरुष. समाजशास्त्रज्ञ डुर्केमने १९१२ साली लिहिलं की सणात समाज स्वतःचंच रूप पूजतो. पुस्तकात ते वाक्य मला पाठ होतं. आज ते सुपात पडताना दिसलं. वंश म्हणजे कोण, हे इथे कुणी शिकवत नाही. लहानपणापासून दरवर्षी डोळ्यांदेखत मोजून दाखवतात. कानबाई मला प्रिय आहे. उद्या मी फुगड्याही खेळणार आहे. म्हणूनच हे लिहून ठेवायला हवं.

२५ ऑगस्ट, रविवार. गावी

मुलाखती सुरू आहेत. मॅडमची सक्त ताकीद : नाव नाही, ओळख पटेल असं काही नाही, नको म्हणेल त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

आज एका घरी गेले. सून दूरच्या प्रांतातली, मध्यस्थाला पैसे मोजून केलेलं लग्न. सासूबाई मोकळ्या मनाने बोलल्या, "जात कोण विचारते आता? घर चाललं पाहिजे." सुनेला विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं? ती म्हणाली, "बोली. वर्षभर सगळे माझ्याबद्दल बोलतायत की माझ्याशी, तेच कळत नव्हतं." आता ती अहिराणीत भाजीवालीशी घासाघीस करते.

निघताना कळलं, याच घरातल्या मुलीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा तिचं शिक्षण थांबवून महिन्याभरात दुसरीकडे लग्न उरकलं होतं.

रात्री नोंदी लिहिताना दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आल्या. वर्तुळ उघडलंय, पण एकाच बाजूने. मुलासाठी सून बाहेरून आणता येते. आपली मुलगी बाहेर जाता कामा नये. टंचाईने मुलींची किंमत वाढेल असं लोक म्हणतात. मला दिसलं ते वेगळं : पहारा वाढलाय.

२० सप्टेंबर, शुक्रवार. जळगाव

आज वर्गात प्रकल्प मांडला. मांडणी संपल्यावर मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला. म्हणाला, "माझ्या मोठ्या भावाचं हेच चाललंय. घरी सगळे त्यालाच दोष देतात. मी हे आकडे घरी दाखवू का?" त्याला मी झेरॉक्स दिली.

मॅडमनी शेवटी एकच सांगितलं. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला, तेव्हा मराठीत समाजशास्त्राचे वर्ग नव्हते. सरकारी नोकरीत फिरताना जे पाहिलं ते त्यांनी निरखून लिहिलं. आज आपल्याकडे वर्ग आहेत, पुस्तकं आहेत, विद्यापीठ आहे. खान्देशातल्या गावांवर लिहिलेली पानं मात्र थोडी आहेत.

म्हणून माझ्या बरोबरीच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. समाजशास्त्र गाइडातून पास होण्यासाठी घेऊ नका. वही घ्या आणि आपल्या घराच्या ओट्यावर बसा. जे 'असंच असतं' म्हणून सांगितलं जातं, ते कधीपासून, कुणाच्या सोयीने आणि कुणाला वगळून, एवढं विचारा. आणि घरोघरच्या आज्यांना, काकूंना एक विनंती : पुढच्या कानबाईला गहू मोजाल तेव्हा लेकींचीही सव्वा मूठ घाला. कानबाई स्वतः बाईच आहे, ती रागावणार नाही.