हजेरी

‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) ही दोन्ही पुस्तके आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. बांधणी खिळखिळी होईपर्यंत हाताळलेली. एम.ए.च्या वर्गात त्यांवर चर्चा चालू असताना आमच्यातल्याच एकाने विचारले, “ही माणसं आपल्या कॉलेजात पहिल्यांदा कधी आली?” लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्याविषयी तासभर बोलू शकणाऱ्या आम्हां सात-आठ जणांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. शिरूर तालुक्यात पारधी, कैकाडी, वडार वस्त्या आहेत, त्या रोज एस.टी.च्या खिडकीतून दिसतात. पण आमच्या इमारतीत त्या माणसांचा इतिहास काय, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नव्हता.

मग आम्ही दप्तर उघडले. अभिलेखागार म्हटले की पुण्यातले पेशवे दफ्तर डोळ्यांपुढे येते. आमचे अभिलेखागार म्हणजे कार्यालयामागच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटे. जनरल रजिस्टरे, शिष्यवृत्तीच्या वह्या, वार्षिक नियतकालिकांचे वाळवीने अर्धे खाल्लेले अंक. कार्यालयातल्या लेखनिकांना वाटले की आम्हीही जात पडताळणीचा पुरावा शोधायला आलो आहोत. त्यांचे चुकले नाही. या रजिस्टरांकडे लोक आता त्यासाठीच येतात: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीची नोंद हवी, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीची, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीची. ज्यांचे पूर्वज कोणत्याच गावात दोन पावसाळे राहिले नाहीत, त्यांच्याकडून हा कागद मागणे किती क्रूर आहे, हे तो शोधायला बसल्याशिवाय कळत नाही.

पहिली अडचण नावांची. भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे ही आडनावे मराठ्यांत आहेत तशीच पारध्यांतही आहेत. जातीचा रकाना भरलेला असेल तरच मुलगा ‘आपला’ म्हणून ओळखू येणार. कोरा असेल तर तो शेकडो पवारांत मिसळून जाणार. पाने उलटताना आमचे बोट आपोआप त्या एकाच रकान्यावरून खाली सरकू लागले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आम्हांला स्वतःचीच भीती वाटली. माणसे जातीवरून वेचून यादी करण्याचे काम या जमातींच्या बाबतीत आधी कोणी केले होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. तो १९११ मध्ये अधिक कडक झाला आणि मुंबई इलाख्यातही लागू झाला. नोंद झालेल्या माणसाला पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. सरकारी दप्तरात ही माणसे कधी गैरहजर नव्हतीच. ती गैरहजर आहेत आमच्या दप्तरात.

‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ या रकान्यात बहुतेकांपुढे दोनच शब्द: “सतत गैरहजर”. हस्ताक्षर बदलते, शाई बदलते, शब्द तेच.

यातल्या एका नोंदीने आम्हांला दौंडला नेले. नाव वाचून आमचा तो प्रश्न विचारणारा मित्र गप्प झाला, मग म्हणाला, “हे माझे वडील.” ते आमच्याच महाविद्यालयात दोन सत्रे शिकले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात दौंडमधली एक शाळा होती. दौंड हे रेल्वेने वाढवलेले गाव. १८७८ साली मनमाडकडचा फाटा निघाल्यापासून तर ते पक्के जंक्शन. तिथल्या जुन्या नोंदींत तेलुगू, तमीळ, ख्रिस्ती नावे सहज भेटतात. (त्यांचाही इतिहास कोणीतरी लिहायला हवा, आमच्या आवाक्यातला नाही.) रुळांच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्या कुटुंबातला मुलगाही त्याच पानावर भेटला. जन्मठिकाण ‘दौंड स्टेशन’. जातीचा रकाना कोरा.

तो गुरुजींनी कोरा का ठेवला असेल? निष्काळजीपणा, की दया? आमच्यात यावर बराच वाद झाला. एका बाजूचे म्हणणे, जात न लिहून त्यांनी मुलाला बाकावर बसण्याइतकी जागा करून दिली. मित्राचे म्हणणे वेगळे: “त्या कोऱ्या जागेपायी माझ्या बहिणीची पडताळणी तीन वर्षं अडली आहे.” त्यानंतर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नियतकालिकाच्या एका जुन्या अंकात धावण्याच्या संघाचा फोटो सापडला. डावीकडून पाच नावे छापलेली, नंतर ‘व इतर’. मित्राने त्या ‘इतरां’तल्या अनवाणी मुलावर बोट ठेवले.

फोटोची झेरॉक्स घेऊन आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलो. आमच्या निबंधात त्यांचे नाव घालावे की नाही, हे त्यांनाच विचारायचे होते. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, शेजारच्या दोघांची नावे सांगितली, एकाला शिवी दिली. मग आम्ही भीतभीत ‘सतत गैरहजर’ची गोष्ट काढली. ते हसले. शेजारच्या गावात चोरी झाली होती, वस्तीतले सगळे तरुण उचलले गेले, त्यांत तेही होते. सहा दिवसांनी सुटले. “वह्या खोलीवर होत्या, त्या आणायलाबी गेलो नाही. तोंड कसं दाखवायचं?”

नावाचे त्यांनी मुलावर सोपवले. मुलाने अजून ठरवलेले नाही, आणि म्हणूनच या लेखातही ते नाही. रजिस्टरात आता दुरुस्ती होणार नाही, हे आम्ही विचारून घेतले आहे; त्या पानाला एक वेगळा कागद टाचून ठेवायला मात्र कोणाची हरकत नाही. त्या कागदावर काय लिहायचे, ते वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. रजिस्टरात नाव कमी केल्याची तारीख दिवाळीनंतरची आहे. ती चुकीची आहे, ते म्हणाले. ते गेले होते पोळ्याच्या आदल्या दिवशी.