पहिली फेरी

सन 2014 च्या दिवाळीपूर्वी, सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात उलाढालीला भरती आली असता, तेथील एका पेढीचा हिशेब व मागण्यांचा सारा कारभार नव्या सर्व्हरांवर नेण्याची कामगिरी माझ्याकडे आली. कोणते पॅकेज हवे, कोणती फाइल कोठे असावी, कोणती सेवा चालू राहावी, एवढे मसुद्यात लिहून द्यावे आणि पपेट या प्रणालीने दर अर्ध्या तासाने त्याची रुजुवात करावी, असा माझा बंदोबस्त होता.

परंतु प्रत्येक कोऱ्या यंत्रावर पहिल्या फेरीत वेबसर्व्हरचे पॅकेज सापडत नसल्याची तक्रार नोंदली जाई, आणि दुसऱ्या फेरीत, कोणी हात न लावता, तेच पॅकेज निमूटपणे बसे. "चालतंय ना, मग राहू दे," असे सहकारी म्हणत. मला राहवेना; ऐन गर्दीत यंत्र कोसळले तर पेढीला तो अर्धा तास कोठून द्यावा?

मी मसुद्यात आधी पॅकेजभांडाराचा पत्ता, मग सूचीचे नूतनीकरण आणि शेवटी पॅकेज लिहिले होते, व कागदावरचा तो क्रमच पाळला जाईल असे गृहीत धरले होते. उबुंटू 14.04 सोबत येणारे पपेट मात्र, जेथे संबंध स्पष्ट लिहिलेला नसे तेथे, घटकांच्या नावांवरून गणिताने काढलेला क्रम वापरी. तो क्रम सर्वत्र एकच असल्यामुळे पहिली फेरी दर यंत्रावर त्याच जागी अडे. (2015 मध्ये चौथ्या आवृत्तीने लेखनक्रमाला मान्यता दिली.)

तेव्हा आधी भांडार, मग सूची, मग यच्चयावत पॅकेजे, असा हुकूम मी लिहिला. पपेटने परावलंबनाचे चक्र दाखवून तो राबवण्यासच नकार दिला. भांडार एचटीटीपीएसवर असल्याने त्याच्याआधी 'ॲप्ट-ट्रान्सपोर्ट-एचटीटीपीएस' हे पॅकेज हवे, ही नोंद मसुद्यात अगोदरचीच होती, आणि माझ्या नव्या हुकमाने तेच पॅकेज सर्वांच्या मागे ढकलले होते. लिंबायतच्या घरी रात्री तो आलेख कागदावर रेखाटत बसलो असता, उधन्याच्या लूमवर उमर घालवलेले माझे वडील डोकावून म्हणाले, "आधी ताणा कोणता ते धर, बाण्याचं मग बघू."

ते एक पॅकेज सर्वसाधारण हुकमातून वगळून मी भांडाराच्याही पुढे नेमले. सकाळी कोरा सर्व्हर उभा केला. पहिल्याच फेरीत वेबसर्व्हर चालू झाला. अर्ध्या तासाने पपेट पुन्हा आले, तेव्हा त्याला करण्यासारखे काही उरले नव्हते.