कच्चे लिंबू

मुलांच्या खेळात एक जागा मोठी विलक्षण असते. थोरल्या भावंडांच्या पाठोपाठ अंगणात आलेल्या चिमुरड्याला खेळायला तर घ्यावेच लागते. परंतु त्याच्यावर राज्य येत नाही, आणि बाद झाला तरी तो खेळतच राहतो. त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणतात. हलक्याफुलक्या वाचनाला समीक्षेने बहुधा हीच जागा दिली आहे. ‘हलके’ या शब्दाचाही त्यात थोडा दोष असावा. वजनाने कमी आणि प्रतीने कमी हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच विशेषणावर लादले आहेत. अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणारे विंदा करंदीकर ‘राणीची बाग’ही लिहितात, तेव्हा पहिल्याची चिकित्सा होते, दुसऱ्याचे कौतुक.

वस्तुतः खेळ नियमांवाचून होत नाही, हे थोरांपेक्षा मुलांना अधिक कळते. सुकुमार राय यांच्या ‘आबोल ताबोल’ या बंगाली संग्रहात ‘खिचुडी’ नावाची कविता आहे. तीत प्राणी एकमेकांना जोडलेले आहेत. हाँस म्हणजे बदक, सजारू म्हणजे साळिंदर. दोहोंचा झाला हाँसजारू. हाती आणि तिमी, म्हणजे हत्ती आणि देवमासा, यांचा हातिमी. व्याकरण धाब्यावर बसवल्याचा आव आहे खरा. पण एका नावाचा शेवट ज्या ध्वनीवर होतो त्यावरच दुसऱ्याने पाऊल ठेवावे, हा दंडक कसोशीने पाळलेला आहे. हाँस आणि तिमी जोडून पाहावेत; सांधा बसत नाही आणि हसूही येत नाही. कच्च्या लिंबाला असले नियम नसतात.

हा खेळ कोणत्या दिवसांत मांडला गेला, तेही पाहण्याजोगे आहे. 1921 पासून राय काळा-आजाराने अंथरुणाला खिळत गेले. मुद्रणतंत्राचे शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले होते. पुस्तकाची चित्रे त्यांची, मांडणीही त्यांचीच. 10 सप्टेंबर 1923 रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा सत्यजित तेव्हा दोन वर्षांचा होता. पुस्तक छापून आले ते नऊ दिवसांनी.

संग्रहाच्या अखेरच्या कवितेत गाणे संपत आल्याची सूचना आहे. ही तारीख ठाऊक असलेला प्रौढ वाचक तेथे थबकतो. त्याला ती कविता मृत्यूची वाटू लागते, आणि मग आधीच्या हाँसजारूच्या पाठीवरही तो सावल्या शोधू लागतो. सहानुभूती म्हणून हे ठीक. वाचन म्हणून त्यात थोडी घाई आहे. मरणाच्या छायेत बसलेल्या माणसाने ती छाया मुलांच्या अंगणात पडू दिली नाही, ही त्या पुस्तकाची कमाई. तारीख ठाऊक नसलेले मूल तिचा पुरेपूर लाभ घेते. शेवटचे पान संपताच ते हाँसजारूचे चित्र शोधत मागे जाते.