आधी विचारा, कधीपासून?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आई दुसऱ्या दिवसाच्या डब्यासाठी भाजी निवडत बसली होती. इतक्यात आतल्या खोलीतून मुलाचा आवाज आला, ‘‘गेलं! पुन्हा अडकलं!’’ आणि पाठोपाठ माउस टेबलावर आपटल्याचा आवाज. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

‘‘अरे, एवढा त्रास होतो तर खेळतोस कशाला? बंद कर ते यंत्र.’’

‘‘यंत्र नाही, ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. नवीन घेतल्याशिवाय नीट चालणारच नाही.’’

‘‘किती लागतील?’’

‘‘तीस हजार.’’

‘‘तीस हजार? बंदुकीच्या खेळासाठी?’’

‘‘पुण्यात चाललं होतं ना सगळं? इथे आल्यापासूनच हे असं झालंय!’’ मुलाने दार ओढून घेतले.

‘इथे आल्यापासून’ हे शब्द त्या घरात गेले चार महिने रोज ऐकू येत होते. जेवण आवडत नाही, इथे आल्यापासून. झोप लागत नाही, इथे आल्यापासून. त्यामुळे आईबाबांनी या शब्दांचा एकच अर्थ लावला होता, की बदलीचा राग अजून गेलेला नाही. तो अर्थ चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

‘इथे’ म्हणजे श्रीपेरुंबुदूर. चेन्नईपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, बंगळुरूच्या महामार्गावरचे गाव. वैष्णव आचार्य रामानुजांचे हे जन्मस्थान. मराठी वाचकाला मात्र हे नाव आठवते ते २१ मे १९९१ च्या रात्रीमुळे. राजीव गांधींची हत्या याच गावात झाली. आज या परिसराची ओळख कारखान्यांची आहे. १९९८ मध्ये जवळच्या इरुंगट्टुकोट्टईत ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या. २००६ मध्ये नोकियाचा मोबाइलचा कारखाना सुरू झाला, तो २०१४ मध्ये बंद पडला. २००७ मध्ये डेलचा संगणकांचा कारखाना उभा राहिला. चाकण, पिंपरीसारख्या ठिकाणी मोटारींच्या धंद्यात मुरलेल्या माणसाची इकडे बदली झाली तर त्यात नवल नाही. हे बाबाही चाकणहून असेच आले होते, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात.

मोठ्यांना बदलीबरोबर काम मिळते, हुद्दा मिळतो. दहावी संपवून आलेल्या मुलाला काय मिळते? नवी शाळा, न कळणारी भाषा आणि रिकामी संध्याकाळ. या मुलाच्या संध्याकाळी एकच गोष्ट होती. ती म्हणजे पुण्याच्या तीन मित्रांबरोबरचा काउंटर-स्ट्राइकचा डाव. १९९९ मध्ये दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून हा खेळ तयार केला. पुढे सायबर कॅफेंमधून एका पिढीने तो खेळला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. पाच जणांविरुद्ध पाच जण असा हा सामना. त्यात एकाचे चित्र अडखळले की बाकीच्या चौघांचा डाव बिघडतो. दोनच दिवसांपूर्वी पुण्याच्या मित्राने म्हटले होते, ‘‘तुझं नीट होईपर्यंत आम्ही दुसऱ्याला घेतो.’’ मुलाने हे घरात कुणालाही सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका यंत्रावरून सदोष भाग येऊ लागले. हाताखालचा मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, हत्यार बदलूया का?’’ बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘आधी सांग, कधीपासून?’’ उत्तर आले, ‘‘सकाळी यंत्राची जागा बदलली, तेव्हापासून.’’ मग काय, नव्या जागेपासूनच तपास सुरू झाला आणि दोष सापडला.

घरी परतताना बसमध्ये बाबांना आदल्या रात्रीचे शब्द आठवले. इथे आल्यापासून! मुलगा चार महिने बिघाडाची तारीख सांगत होता आणि आपण ती तक्रार समजत होतो.

त्या रात्री बाबा खुर्ची घेऊन मुलाशेजारी बसले. ‘‘मला या खेळातलं काही कळत नाही. पण बिघाड कसा शोधायचा ते कळतं. आजवर काय काय करून पाहिलंस?’’

मुलाने यादी सांगितली. ड्रायव्हर नवे टाकले, खेळाच्या वीसएक सेटिंग बदलल्या, वेग वाढवतात म्हणून चार फुकट प्रोग्रॅम आणून बसवले.

‘‘सगळं एकदम?’’

‘‘हो.’’

‘‘मग सुधारलं काय नि बिघडलं काय, ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी मोजायचं, नंतर मोजायचं, वहीत लिहायचं.’’

पहिला प्रश्न होता, अडखळणे कोणत्या जातीचे? खेळात दोन आकडे दिसतात आणि पुष्कळ घरांत त्यांची गल्लत होते. पहिला आकडा फ्रेमचा, म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रे काढतो त्याचा. सिनेमाला चोवीस चित्रे पुरतात. पण नेमबाजीच्या खेळात निदान साठ तरी हवीत, कारण हाताची हालचाल पडद्यावर लगेच दिसावी लागते. दुसरा आकडा पिंगचा. आपला संदेश खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा हा वेळ. फ्रेम कमी असतील तर दोष घरातल्या यंत्रात. पिंग जास्त असेल तर दोष वाटेत. मुलाच्या पडद्यावर फ्रेम होत्या जेमतेम बावीस.

‘‘चित्र काढायचं काम कोण करतं?’’ बाबांनी विचारले.

‘‘ग्राफिक्स कार्ड.’’

‘‘ते करतंय का, ते बघता येतं?’’

मुलाने टास्क मॅनेजर उघडला आणि तो पाहतच राहिला. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रिकामे बसले होते. सगळा भार होता तो प्रोसेसरमध्येच असलेल्या साध्या ग्राफिक्सच्या सोयीवर. पत्र लिहायला, सिनेमा बघायला ती पुरते, अशा खेळाला नाही. कामसू गडी घरात झोपलेला आणि पाहुण्या मुलाला धान्याची पोती उचलायला लावलेली, अशातला तो प्रकार!

टॉर्च घेऊन दोघे टेबलाखाली वाकले. कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची तार लावण्याच्या दोन जागा असतात. वरची मदरबोर्डाची, खालची ग्राफिक्स कार्डाची. तार वरच्या जागेत होती. सामान उतरवले त्या दिवशी मुलगा शाळेत प्रवेशासाठी गेला होता. तारा जोडल्या होत्या बाबांनी.

बाबा क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे चूक माझी. आणि चार महिने बोलणी तू खाल्लीस.’’

तार खालच्या जागेत लावली आणि फ्रेम शंभरच्या वर गेल्या. मुलगा ओरडला तशी आई हातातले काम टाकून धावत आली.

पण अर्ध्या तासाने आकडा पुन्हा घसरू लागला. आता वही कामाला आली. सुरुवातीला ठीक आणि नंतर मंद, याचा अर्थ बहुधा उष्णता. प्रोसेसर फार तापला, साधारण पंचाण्णव ते शंभर अंशांपर्यंत गेला, की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. पुण्याच्या हवेत जे निभावते ते चेन्नईकडच्या मे महिन्यात निभावत नाही. इथे पारा चाळिशीला भिडतो आणि खोलीही तापलेली असते. त्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवलेले आणि त्यावर आईने भरतकाम केलेले सुंदर कव्हर घातलेले. धूळ बसू नये म्हणून घातलेल्या कव्हराने गरम हवेची वाटच अडवली होती.

‘‘म्हणजे मीही त्यात आहेच,’’ आई हसत म्हणाली आणि तिने कव्हर काढून मिक्सरवर घातले.

रविवारी साफसफाई झाली. आधी प्लग काढला. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडली, कारण हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बिघडू शकतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. ती मिळणार कुठे? मुलाने वर्गातल्या एका तमिळ मुलाला विचारले, तसा तो म्हणाला, ‘‘रिची स्ट्रीट. मी येतो.’’

चेन्नईची रिची स्ट्रीट म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची मोठी बाजारपेठ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची धाकटी बहीणच म्हणा ना! दोघे बसने गेले आणि पेस्टची छोटी नळी व लॅनची लांब तार घेऊन आले. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. आता तासभर खेळूनही तापमान पंचाहत्तरच्या पुढे जाईना.

राहिला मुलाचा स्वतःचा वाटा. वेग वाढवणारे म्हणून आणलेले ते चार प्रोग्रॅम मागे गुपचूप चालू राहून मेमरी खात होते. त्याने ते एकेक करून काढले आणि दर वेळी आकडा वहीत लिहिला.

शेवटी पिंग. दोन भिंतींपलीकडचा वायफाय अधूनमधून दचकत होता. लॅनची तार थेट जोडल्यावर तो दोष गेला. पण मुंबईचा सर्व्हर लागला की पिंग थोडा वाढायचाच. तेव्हा बाबांनी कागदावर हिशेब मांडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चेन्नई ते मुंबई सरळ रेषेत हजार किलोमीटरहून थोडे अधिक. म्हणजे जायला-यायला सेकंदाचा निदान शंभरावा भाग लागणारच. प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते, म्हणून आणखी जास्त. ‘‘हा बिघाड नाही, हे अंतर आहे. ते दुरुस्त होत नसतं, त्याची सवय करायची असते.’’ मुलगा बाबांकडे पाहत राहिला. हे वाक्य केवळ पिंगबद्दल नव्हते, हे दोघांनाही कळले.

नेमबाजीच्या खेळांबद्दल पालकांना काळजी वाटते आणि ती अनाठायी नाही. खेळाचे व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आलेला आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. म्हणून यंत्र सुधारले तरी नियम राहिलाच. अभ्यास झाल्यावर दीड तास, साडेदहाला बंद. फरक एवढाच, की आता तो नियम दोघांनी मिळून ठरवला होता. जो बाप टेबलाखाली वाकून आपली चूक मान्य करतो, त्याने घालून दिलेली वेळ पाळायला मुलाला जड जात नाही.

तीस हजारांचे काम काही शे रुपयांत झाले, हा फायदा लहान नव्हे. अनेक घरांत मोबाइल मंद झाला की नवा, फ्रिज आवाज करू लागला की नवा, असा हिशेब चालतो. खरेदीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. कधीपासून बिघडले ते विचारावे, एका वेळी एकच बदल करावा आणि तो मोजावा. निम्मी दुकाने मग चढावीच लागणार नाहीत.

पुढच्या शनिवारी सामना रंगला. पुण्याचे तिघे, श्रीपेरुंबुदूरचा हा, आणि पाचवा गडी म्हणून रिची स्ट्रीटला सोबत आलेला तो तमिळ मित्र. मराठी, तमिळ, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी भाषा खोलीतून ऐकू येत होती. साडेदहाला मुलगा आपणहून बाहेर आला आणि ताक घेऊन आईजवळ बसला.

‘‘तू इतका गप्पगप्प होतास,’’ आई म्हणाली. ‘‘कधीपासून रे?’’

मुलाने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. मग पुण्याच्या मित्राने काय म्हटले होते इथपासून तो सांगत सुटला. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि तेही येऊन बसले.