वेशीवरच्या काट्या

आमची वाडी वडूजपासून चार-पाच मैलांवर. येरळा जवळून जाते, पण चार महिने पाणी आणि आठ महिने वाळू. रान माळाचं. अशा रानाला मेंढरांच्या खतासारखं खत नाही. माझ्या वडलांच्या काळापासून एका धनगराचा वाडा आमच्या शाळवाच्या रानात बसतो. दिवाळी झाली की ती माणसं कऱ्हाड-पाटणच्या अंगाला, कधी घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. मेंढराच्या खुराला चिखल सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात आमचा कोरडा मुलूख बरा. दोन-तीनशे मेंढरं आठ रात्री एका पट्ट्यात बसली की त्या पट्ट्यातली ज्वारी पुढं लांबून ओळखू येते. त्याबद्दल पूर्वी आम्ही धान्य द्यायचो, आता पैसे देतो. वाड्यातल्या म्हाताऱ्याला मी आबा म्हणतो. तो माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठा. तोंडावर देवीचे वण, डोक्याला लाल पटका, बोलणं मोजकं.

एवढं सांगितलं म्हणजे पुढची गोष्ट सांगायला मला किती जड जातं ते कळेल.

२०२० चा मे महिना. लॉकडाऊन लागून दीड-दोन महिने झालेले. गावोगाव बाभळीच्या काट्या टाकून रस्ते बंद केले होते, आमच्याही वाडीनं केले. वेशीवर पाळीपाळीनं बसायचं, परका माणूस आत सोडायचा नाही. तसं म्हणायला आम्ही सगळ्यांनाच अडवत नव्हतो. आमच्या खटाव तालुक्यातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यावर. सोनं-चांदी गाळणारी पोरं केरळापासून पंजाबापर्यंत पांगलेली. ती आली, मुंबईकर आले, त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवलं, घरचा डबा पोचवला. आपलीच माणसं म्हटल्यावर वाट निघते.

आबाचा वाडा त्या साली लवकर परतला. वाटेतल्या गावांनी कुठं टिकू दिलं नव्हतं. मी त्या दिवशी पाळीला होतो. दुपारचे दोन वाजलेले. पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, मागं बायका-पोरं आणि जीभ काढलेली मेंढरं. काट्यांच्या पलीकडं आबा उभा राहिला. तोंडाला पटक्याचं टोक बांधलेलं. म्हणाला, "अण्णा, विहिरीवर मेंढरं पाजू दे. पाणी पाजतो आन म्होरं जातो."

विहीर माझीच होती. माझ्यासंगं बसलेली दोन पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "आबा, वरनं आदेश हाय. सगळ्यांनी घरात बसायचं."

"कुठल्या घरात?" त्यानं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

मला उत्तर आलं नाही. त्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि मेंढरं वळवली.

त्या दोन वर्षांत सरकारनं सांगायचं काही कमी ठेवलं नाही. फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं, मग हिंदीतनं सूचना. ग्रामपंचायतीचा भोंगा दिवसातनं दोनदा. त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, आशाताई ताप आणि ऑक्सिजन मोजत घरोघर फिरल्या. त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण हे सगळं घर असलेल्यांसाठी होतं. हात वीस सेकंद धुवा म्हणे. ज्याला प्यायचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीवर मागून मिळतं, त्यानं वीस सेकंद कुठनं आणायची? पुढं लशीसाठी 'हर घर दस्तक' नावाची मोहीमसुद्धा निघाली. नाव चांगलं, पण वाड्याला दारच नसतं, टकटक कुठं करणार?

दुसऱ्या लाटेनं २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमचा जिल्हा झोडपून काढला. आमच्या भावकीतली तीन माणसं गेली, त्यातला एक माझा चुलतभाऊ. मातीला जायलाही मिळालं नाही. मी साठीच्या पुढचा, त्यामुळं मार्चमध्येच पहिली लस घेतली होती. तीन मरणं बघून वाडीतली नको म्हणणारी माणसंही रांगेत उभी राहिली.

जूनमध्ये आबाचा वाडा आला, पण माझ्या रानात नाही. ओढ्यापलीकडं पडीक माळावर उतरला. आमच्या वाडीची आशा म्हणजे नात्यानं माझी सून. ती दोनदा जाऊन हात हलवत परत आली. मला म्हणाली, "मामंजी, ती माणसं ऐकूनच घेत न्हाईत. लस घेतली की माणूस दोन वर्सांत मरतं म्हणत्यात. तुमची वळख हाय, तुमी चला."

ओळख होती म्हणूनच जायची लाज वाटत होती. तरी गेलो.

आबानं बसायला घोंगडं टाकलं, पण बोलला नाही. मी लशीचं सगळं सांगितलं. भोंग्यावर ऐकलेलं होतं तेच, त्याच शब्दांत. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णा, ज्या गावानं मेंढराला पाणी दिलं न्हाय, ते गाव आमाला औषध कशापायी देतंय?"

दोन वर्षांत मरायचं वगैरे राहिलं बाजूला, अडचण ही होती. मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं. आदेशाचं नाव सांगितलं, पण मी भ्यालो होतो." बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "भ्या समद्यास्नीच वाटतं."

सातवी-आठवीत कधीतरी प्लेगचा धडा वाचलेला मला आठवतो. १८९७ साली पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधायचे. लोक प्लेगपेक्षा शिपायांना भ्यायचे, माणूस तापला की लपवून ठेवायचे. त्याच साथीत आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाई फुल्यांनी, मुंढव्याच्या दलित वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं आणि त्याच रोगानं १० मार्चला त्या गेल्या. रोग एकच होता. मी काट्यांच्या अलीकडं हातात काठी घेऊन बसलो होतो तेव्हा हा धडा मला आठवला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या खेपेला मी जनावरांच्या दवाखान्यातल्या साहेबांना संगं नेलं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला ते दर साली वाड्यावर जातात. त्यांचा शब्द तिथं चालतो. त्यांनी कोरोनाचं नावच काढलं नाही. मेंढरं बघितली, एका कोकराचा पाय बघितला आणि विचारलं, "आबा, कळपात देवी आली तर काय करता?"

"आजारी मेंढरू येगळं काढतो. त्येचं पाणी येगळं. दुसऱ्याच्या कळपात आपला कळप मिसळू देत न्हाय."

"आणि चांगल्या मेंढरास्नी?"

"टोचून घेतो की. तुमीच टोचताय."

"मग माणसाचं काय वेगळं हाय?"

आबा हसला. मला तेव्हा कळलं, की जे मी त्याला शिकवायला गेलो होतो, ते त्याला माझ्याआधीपासून येत होतं. साथ आली की कळप कसा राखायचा हे आमच्या अख्ख्या वाडीपेक्षा त्या वाड्याला जास्त ठाऊक. मग त्यानं स्वतःच तोंडावरच्या वणांवर बोट ठेवलं. लहानपणी त्याला देवी आल्या, धाकटा भाऊ त्यातच गेला. "टोचणारा गावात आलाता म्हणं. पर आमी तवा दुसऱ्या रानात." मी बाही वर करून दंडावरचा माझा देवीचा वण दाखवला. मी गावात होतो म्हणून मला टोचलं होतं.

मन वळलं तरी काम संपलं नव्हतं. लस द्यायची वेळ सकाळी दहानंतरची, आणि दहाला माणसं मेंढरामागं चार मैल लांब. आमच्या सुनेनं नर्सबाईंना विनवून पहाटे वाड्यावर आणलं. नोंदणीला फोन लागायचा. एका नंबरावर चार माणसांची नोंद होत होती. चार माझ्या फोनवर, चार पोराच्या, तीन सुनेच्या. दोघांजणांकडं आधार कार्डच नव्हतं. ज्यांच्याकडं कागद नाही अशा भटक्यांनाही लस द्यायची, असं केंद्र सरकारनं मे महिन्यातच ठरवलं होतं, पण ते वरनं खालपर्यंत यायला वेळ लागतो. सुनेनं दोन दिवस फोन करून ते पक्कं करून घेतलं. अंतर ठेवायचं कसं, तर तिनं सांगितलं, हातातली काठी आडवी धरा, मधी एक काठी आणि वर एक हात. पोरांनी त्याचा खेळच केला.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी अकरा जणांनी लस घेतली. पहिला दंड आबानं पुढं केला. दुसरी लस चौऱ्याऐंशी दिवसांनी. नर्सबाईंनी कार्डावर तारीख लिहिली. आबाच्या म्हातारीनं ते कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "म्हंजी कवा?" सुनेनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "दसऱ्याच्या आदी चार दिस." म्हातारीला तेवढं पुरलं.

दसऱ्याच्या आधी चार दिवस अकरापैकी आठ जण हजर. उरलेल्यांतली एक पोरगी बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि दोघं भाऊ मेंढरं घेऊन आधीच पुढं निघाले होते. त्यांना फोन लावला, पण लागला नाही. त्यांनी दुसरी सुई कुठं घेतली का, अजून मला ठाऊक नाही.

त्या सालचा वाडा शेवटचे आठ दिवस माझ्या रानात बसला. शाळू पेरायला उशीर झाला, चालायचंच. मेंढरं माझ्याच विहिरीवर पाजली. भाऊबीज झाल्यावर वाडा निघाला तेव्हा मी आबाच्या हातात त्याचं लशीचं सर्टिफिकेट दिलं. वडूजला जाऊन छापून त्याला प्लॅस्टिक लावून आणलं होतं. त्यानं ते उजेडाकडं धरून बघितलं, घडी होत नाही म्हणून जरा कुरकुरला आणि घोड्यावरच्या वाकळेत खाली सरकवून ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "कुनी येशीवर आडवलं तर दावाय व्हईल."